नदीकाठची सवाष्ण

बाबांना कुठं सांगायचं, यावर आमच्याकडे महिनाभर खल चालला होता. काय सांगायचं ते ठरलेलंच होतं. नोव्हेंबरचं तिकीट काढून झालं होतं, पुण्याजवळच्या एका ज्येष्ठ निवासात खोली पक्की झाली होती. फक्त ज्यांनी तिथं जाऊन राहायचं त्या माणसाला, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, याची गंधवार्ता नव्हती.

"घरात नको," सुश्रुत म्हणाला. "घरात सांगितलं तर ते वर जाऊन बसतील आणि मला पुढे काही सुचणार नाही. लॉजवर नेऊ या त्यांना. नदीवर असले की खुशीत असतात."

माझा नवरा वेल्समधल्या कार्डिफच्या हॉस्पिटलात पेशंटना भूल देतो. आधी झोपवायचं, मग कापायचं, ही सवय अंगात भिनलेली. दर सप्टेंबरात सीझन संपायच्या आधी तो हॉस्पिटलातल्या दोन मित्रांबरोबर अस्क नदीकाठच्या त्या लॉजवर मासे धरायला जातो. या वर्षी मित्रांना काहीतरी थाप मारली आणि आम्हा तिघांसाठी कॉटेज बुक केलं. मुलीला, मायराला, तिच्या मैत्रिणीकडे सोडलं.

निर्णय दोघांनी मिळून घेतला, असं आम्ही एकमेकांना सांगतो. कसलं दोघांनी! हट्ट माझा होता. सुश्रुतनं नुसती मान हलवली, आणि त्याची मान काय, कुठल्याही बाजूला हलते.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेल्या. बाबा मालवणात एकटे राहिले. आम्हीच गळ घातली, आता इकडेच या, कायमचे. घर कोण बघणार म्हणून तेही विकून टाकायला लावलं. बाबांनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि रोज संध्याकाळी खाडीवर गरी टाकून बसले. तो माणूस मे महिन्यात एका पेटीत सगळं भरून आमच्या सेमी-डिटॅच्ड, शेजाऱ्याला भिंत चिकटलेल्या घरात आला. मायराची खोली त्यांना दिली आणि मायराला अडगळीच्या बॉक्स रूममध्ये कोंबलं. त्या दिवसापासून पोरगी माझ्याशी धड बोलत नाही.

बाबा वाईट वागले असते तर किती बरं झालं असतं. ते वाईट वागतच नाहीत हो! मी हॉस्पिटलच्या फार्मसीत असते, तिथं दिवसातून पाच-सहा वेळा फोन करतात. "नीना, पोस्टमन आला होता." "नीना, पाऊस येईलसं वाटतंय." कार्डिफमध्ये पाऊस येईलसं वाटतंय, ही काय बातमी आहे? सकाळी सुके बोंबील भाजतात, स्मोक अलार्म बोंबलतो, शेजारीण दार ठोठावते. मी घरी आले की पायात चप्पल तशीच असताना मागे मागे फिरतात, दिवसभराचं साठलेलं सगळं सांगत. बिचाऱ्यांना दुसरं आहेच कोण? मला कळतं ते. कळत असूनही माझं डोकं फुटतं.

जुलैत एकदा मी घरी आले तर समोरच्या हेजवर, म्हणजे कुंपणाच्या झुडपांवर, रस्त्याच्या बाजूनं आमचे सगळ्यांचे कपडे वाळत घातलेले. माझे आतले कपडेसुद्धा, शिस्तीत, चिमटे लावून. मला मदत म्हणून केलं होतं त्यांनी. मी ओरडले. म्हणजे सासऱ्यांवर ओरडतात तसं, "बाबा, प्लीज!" एवढंच. पण प्लीज कसं म्हणायचं, त्यात सगळं येतं. त्यांनी एकेक कपडा काढला, घड्या करून सोफ्यावर ठेवला आणि वर गेले. त्या रात्री मी सुश्रुतला म्हटलं, "एक तर ते, नाहीतर मी." वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी असलं सिनेमातलं वाक्य बोलले, आणि ते लागू पडलं.

शुक्रवारी दुपारी लॉजवर पोचलो. मिसेस प्रिचर्ड नावाच्या बाईंचं ते लॉज. नदीला लागून चार दगडी कॉटेजेस आणि मध्ये हिरवळ. बाबांनी पेटी आत ठेवली आणि तडक पाण्याकडे गेले. सुश्रुतनं त्यांना छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली.

"हा लेंगा कोणी शिवला रे?" बाबा म्हणाले. "दोन माणसं मावतील यात."

मग त्यांना तो पिसांचा नकली किडा दाखवला, ज्यात गळ लपवलेला असतो. बाबांनी चष्मा वर करून निरखून पाहिला. "म्हणजे खायला काहीच नाही? नुसतं पीस? आम्ही निदान कोळंबी तरी लावत होतो. फुकट फसवता होय त्यांना!"

मी काठावर चहाचा थर्मास घेऊन बसले होते आणि एकदम कानकोंडी झाले.

दोर लांब फेकायचं काम बाबांना जमेना, म्हणून सुश्रुत फेकायचा आणि काठी त्यांच्या हातात द्यायचा. बराच वेळ काही नाही. मग काठी अशी काही वाकली की सुश्रुत ओरडलाच, "बाबा, सोडू नका!" बाबा कसले सोडतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण हात असे चालत होते की बघत राहावं. ढील देत होते, ओढत होते, मधेच माशाशी बोलत होते, "ये गो बाय, ये. दमलंस ना?" दमवून दमवून तिला उथळ पाण्यात आणलं. सॅमन होती, हातभर लांब, अंगावर तांबूस झाक आलेली. बाबा हसत होते. ते हसताना त्यांचे वरचे दोन दात दिसतात हे मी विसरूनच गेले होते, कारण आमच्या घरात ते हसलेच नव्हते.

सुश्रुतनं गळ काढला आणि मासा पाण्यातच धरून ठेवला, तोंड प्रवाहाकडे करून.

"काय करतोस? वर घे," बाबा म्हणाले.

"सोडायचा असतो, बाबा. लॉजचा नियम आहे. ट्राउट एखाद-दुसरा ठेवला तर चालतो, सॅमन सोडून द्यायचा."

बाबा लेकाशी रागावले की मालवणीत शिरतात. "खावचो नाय तर धरलंस कित्याक?"

मला वाटलं, झालं, आता बिनसलं. पण त्यांनी वाकून माशाच्या पोटाखाली हात घातला आणि लगेच आवाज बदलला. "अरे, गाबोळी आसा हिच्या पोटात. अंड्यांनी भरलेली आहे ती. सोड, सोड तिला." मग माझ्याकडे वळून, कारण माझ्याशी ते पुस्तकी मराठीत बोलतात, "आमच्याकडेसुद्धा नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात ढकलत नाहीत, ते यासाठीच. शहाणी आहेत इथली माणसं."

सॅमन थोडा वेळ त्यांच्या हातात राहिली आणि शेपटीचा फटका मारून गेली. बाबांचा चष्मा भिजला. पुसून घेतला आणि म्हणाले, "तुझ्या सासूला दाखवायला हवी होती."

नंतर सुश्रुतला दोन ट्राउट मिळाले, ते फ्रिजमध्ये ठेवले. जेवणं झाल्यावर मी त्याला कोपरानं ढोसलं. त्यानं घसा साफ केला, "बाबा..." म्हणाला. बाबांनी इतक्या आनंदानं वर बघितलं की त्याचं अवसान गळालं. "उद्या ऊन आहे म्हणतात," एवढंच बोलला. स्वयंपाकघरात मी त्याला धारेवर धरलं. तो म्हणाला, "उद्या. दुपारी जेवल्यावर, नक्की." नेहमीचं आहे हे. घोडं कायम दुपारच्या जेवणापाशीच पेंड खातं.

शनिवारी सकाळी बाबा नदीवर गेले नाहीत. "तुम्ही जा," म्हणाले. आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून खिडकीशी बसून होते. आमच्याकडे ते रोज पायजमा घालतात. माझ्या डोक्यात लगेच आलं, यांना कुणकुण लागली. कोणी सांगितलं? मायरानं? सकाळभर माझं लक्ष कशात लागेना. पापी माणसाला पानाची सळसळसुद्धा पोलिसाची वाटते, तसं माझं झालं होतं.

निदान शेवटचं गोड करावं म्हणून मी कंबर कसली. मी पुण्याची, वरणभाताच्या घरातली. मासे साफ करायला लग्नानंतर शिकले, आणि अजूनही नाक मुरडतच करते. तरी त्या दिवशी दोन्ही ट्राउट खवलं काढून साफ केले, कार्डिफहून आणलेला मालवणी मसाला आणि कोकमाचं आगळ चोळलं, रवा लावून कुरकुरीत तळले. कॉटेजभर वास सुटला. "चला बाबा," म्हणून पहिला तुकडा त्यांच्या ताटात वाढायला गेले, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"आज नको, नीना."

"का? कालच धरलेत, ताजे आहेत."

"आज नको."

माझा तोल गेला. "बाबा, दीड तास हात माखून केलंय मी हे! मालवणी माणूस आणि मासे नको? काय झालंय ते सांगा तरी. राग आला असेल तर तोंडावर सांगा, असं ताटावर काढू नका."

सुश्रुत हातात ग्लास धरून तसाच उभा राहिला. बाबांच्या चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता. उलट तेच ओशाळले.

"आज नवमी आहे गो," ते म्हणाले. "अविधवा नवमी. पितृपक्षातली. तुझी सासू सवाष्ण गेली ना, तिचा आज दिवस."

सुश्रुतच्या फोनमध्ये आईची तारीख होती, फेब्रुवारीतली. त्या दिवशी त्यानं रजा घेऊन फोटोला हार घातला होता. तिथी आम्हाला कुठली ठाऊक! नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात नवमीला सवाष्ण जेवू घालतात, तिला साडी देतात, हे मी माहेरी पाहिलं होतं, पण ती नवमी केव्हा येते हे कधी लक्षातच ठेवलं नव्हतं.

"बाबा, बोलायचं ना! आम्ही हे बुकिंग दुसऱ्या आठवड्यात केलं असतं," सुश्रुत म्हणाला.

"तू एवढ्या हौसेनं ठरवलंस. म्हटलं, करता येईल तिथेही. सामान घेतलंय मी बरोबर." आणि त्यांनी पेटी उघडली. तांदूळ, मूगडाळ, उडदाचे पापड, कुंकवाची डबी, एक नारळ. आणि हिरवी काठापदराची साडी, पिशवीतली घडी न मोडलेली. मालवण सोडायच्या आधीच सावंतवाडीला जाऊन आणली होती, या दिवसासाठी.

"सवाष्ण तेवढी मिळायला हवी," बाबा म्हणाले. "कार्डिफात असतो तर तुझ्या त्या मैत्रिणीला, अक्षयाला बोलावणार होतो. इथं... त्या प्रिचर्डबाई येतील का गो जेवायला? नवरा आहे ना त्यांना?"

"दोन होते, बाबा," सुश्रुत म्हणाला. "दोघांनाही सोडलंय."

"अरे देवा," बाबा म्हणाले, आणि आम्ही तिघंही हसलो. मी हसता हसता रडकुंडीला आले, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

"मग तूच बस," ते म्हणाले. "घरची सून सवाष्ण म्हणून बसत नाही खरं तर. पण ती चालवून घेईल."

"मी नको, बाबा."

"का? अडचण आहे का काही?"

हो म्हणाले असते तर सुटले असते. एक खोटं आधीच पोटात होतं, दुसरं तोंडातून निघेना. "नाही," म्हटलं, "बसते."

मग बाबांनी मला स्वयंपाकघरातून हुसकलंच. तळलेले मासे झाकून फ्रिजमध्ये गेले, कढई तीनदा घासली गेली. त्यांनी वरणभात केला, बटाट्याची भाजी केली, पापड तळले, तांदळाची खीर ढवळत बसले. मी परत डोक्यावरून न्हाले आणि ती साडी नेसले. ब्लाउज कुठला असायला? काळ्या टी-शर्टवरच नेसले. आरशात बघितलं तर एकदम विदूषक. सुश्रुत दारात आला.

"नीना, आज नको सांगायला."

"मग कधी? परत कार्डिफला जाऊन? नोव्हेंबरात एअरपोर्टवर?"

तोंडात मूग धरून उभं राहण्यात आमच्या सुश्रुतचा हात कोणी धरणार नाही.

बाबांनी मला खुर्चीवर बसवलं, पूर्वेकडे तोंड करून. सुश्रुतला कुंकवाची डबी दिली, "तू लाव तुझ्या बायकोला, मी कसा लावणार?" नारळ आणि मूठभर तांदूळ माझ्या हातात दिले. "ओटी बायकांनी भरायची असते. इथं कोण आहे? हातातच घे." मग वाढलं. मीठ, लिंबू, भाजी, वरणभातावर तूप, खिरीची वाटी. आईंच्या हातचं पन्नास वर्षं नुसतं जेवलेला माणूस, पण ताटात कुठं काय वाढायचं ते एकदाही चुकला नाही.

आणि मग ते माझ्या पायाशी वाकले.

मी पाय मागे ओढले. "बाबा, काय करताय!"

"हलू नकोस. तुला नाही करत मी, तिला करतोय."

सासऱ्यांनी माझ्या पायांवर डोकं टेकवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठताना गुडघ्यावर हात दाबून उठले, माझ्याकडे बघितलं आणि बोलायला लागले. माझ्याशी नाही. त्यांच्या बायकोशी, मालवणीत, रोज संध्याकाळी खाडीवरून आल्यावर बोलत असतील तशा आवाजात.

"माजी काळजी करू नको. मी बरो आसंय. पोरां माका नीट सांभाळतत. नीना दिवसभर कामार जाता, तरी घराक येवन माजा सगळा आयकता. आता मी हयसरच रवतलंय, पोरांकडे. तुका घोर नको." मग म्हणाले, "काल एक मासळी धरलंय. सोडून दिलंय."

सुश्रुत खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"जेव," बाबा मला म्हणाले.

सवाष्णीनं पानावरून मधेच उठायचं नसतं. पानात काही टाकायचं नसतं. हे मला माहीत होतं, म्हणून मी जेवले. 'हयसरच रवतलंय', इथंच राहणार, हेच कानात घुमत होतं. बाबा समोर उभे राहून आग्रह करत होते, अजून थोडा भात, अजून थोडी खीर. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, नका हो वाढू, ज्या बाईला वाढताय तिनंच तुम्हाला घराबाहेर काढलंय! पण मी खीर घेतली. वाटी चाटूनपुसून संपवली.

"तृप्त झालीस?"

"झाले," मी म्हटलं.

दुपारी बाबा नदीकाठच्या बाकावर जाऊन बसले. सुश्रुत भांडी विसळत होता आणि तीच ती बशी पुन्हा पुन्हा धूत होता. मी खूप विचार केला. तिकीट रद्द करावं का? तेव्हा, त्या साडीत, मनात आलंच होतं. पण मी मला ओळखते. महिनाभर मी गुणी सून झाले असते आणि पुढच्या वेळी हेजवर कपडे दिसले की पुन्हा तीच नीना. मग त्यांना आणखी एक वर्ष पोसल्यासारखं ठेवायचं आणि मग घालवायचं? आणि खरं सांगायचं तर त्या जेवणानंतरही मला ते आमच्या घरी नकोच होते. याचीच जास्त लाज वाटत होती.

"मी सांगते," मी सुश्रुतला म्हटलं. "तू ये नाहीतर येऊ नको." तो हात पुसत मागे आला.

मी साडी बदलली नव्हती. बाकावर बाबांच्या शेजारी बसले. पाण्यात मासा उसळला की ते बोट दाखवत होते.

"बाबा, नोव्हेंबरात तुम्हाला परत जायचंय," मी म्हटलं. एका दमात म्हटलं, थांबले असते तर जमलं नसतं. "पुण्याला. तिथं एक ज्येष्ठ निवास आहे, चांगला आहे, आम्ही खोली घेतलीय. सुश्रुतचा दोष नाही. माझ्याच्यानं होत नाहीये, बाबा. मला माफ करा."

त्यांचं बोट अजून पाण्याकडेच होतं. ते त्यांनी सावकाश खाली घेतलं.

"किती दिवस राहायचं तिथं?"

"कायमचं."

"बरं," बाबा म्हणाले. मग हिशेबाच्या मास्तरांनी पोराला विचारावं तसं विचारलं, "हे ठरलं कधी?"

"ऑगस्टमध्ये."

"म्हणजे आज सकाळी ठरलेलंच होतं."

"हो."

मला वाटलं होतं, ते रडतील. किंवा उठून आत जातील, नाहीतर लेकाला दोन शब्द सुनावतील. सुनावायलाच हवे होते. पण ते माझ्याकडे वळले, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज माझ्यावर चढला.

"जेवायला बसायच्या आधी सांगायचंस गो! मी तिला काय सांगितलं, ऐकलंस ना तू?"

"बाबा..."

"ती आता वर्षभर येणार नाही," बाबा म्हणाले. "वर्षभर तेच खरं धरून बसेल."